मूल घरातल्याच माणसाचं नाव घेतं तेव्हा काय करायचं

बदलापूर आठवत असेल सगळ्यांना. ऑगस्ट २०२४, शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाला त्यावरून लोक रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद होत्या, राग बरोबरच होता. मग शाळांत सीसीटीव्ही लावा, स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन करा असे आदेश निघाले, व्हॉट्सॲपवर व्हॅनवाला, शिपाई, ट्यूशनचे सर यांच्यावर लक्ष ठेवा म्हणून मेसेज फिरले. पण जिथं त्रास देणारा सख्खा मामा असतो, आजोबा असतात, बाप असतो, तिथं कॅमेरा कोण लावणार आणि रूळ कोण अडवणार? तिथं उलट पंखा फुल करून, दारं लावून बैठक बसते आणि दोन तासांत विषय संपवला जातो. मी मुलांबरोबर पोलीस स्टेशन, बालकल्याण समिती आणि कोर्टात बसायचं काम करते, आणि केस कोर्टात हरण्याच्या कितीतरी आधी या बैठकीत हरलेली असते हे इतक्या वेळा बघितलंय की लिहायला घेतलं.

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घ्या: मूल बोललं की आधी मूल, मग बाहेरची यंत्रणा, आणि नातेवाईक सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

आकड्यांचं काय

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास आला होता, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं, त्यात महाराष्ट्र पण आणि गोवा पण. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यांच्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते, हे ऐकून लोक अजून दचकतात. त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीतले किंवा ज्यांच्या भरवशावर मूल सोडलं होतं असे. आणि बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलेलंच नव्हतं. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, दिल्लीच्या राही संस्थेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि गोव्यातल्या ६०० शिकलेल्या, बऱ्या घरातल्या बायकांना विचारलं होतं. ७६ टक्के जणींना लहानपणी त्रास झालेला, आणि त्यातल्या ४० टक्के जणींना घरातल्याच कुणाकडून. म्हणजे हे 'तसल्या वस्तीत होतं' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

दुसरा एक आकडा फार फिरतो, एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या पोलीस केसेस मोजणाऱ्या सरकारी ब्युरोचा. मुलांवरच्या बलात्काराच्या केसेसमध्ये दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर आरोपी ओळखीचे असतात. हे खरंय, पण त्यात शेजारी येतात, कुटुंबाचे मित्र येतात, सतरा वर्षांच्या मुलीचा बॉयफ्रेंड पण येतो. म्हणून '९० टक्के घरातलेच' असं लिहून फॉरवर्ड करू नका, कुणीतरी खोडून काढतं आणि मग सगळीच चर्चा बारगळते. घरातल्यांचा रकाना त्यात छोटा दिसतो, पण तो पोलिसांपर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे, आणि घरातलं प्रकरण पोलिसांपर्यंत पोचतच नाही हीच तर मूळ अडचण आहे.

आधी घरात एवढं करा

यावर भाषण द्यायची गरज नाही, गुड टच बॅड टचचा व्हिडिओ दाखवला की झालं असंही नाही. त्या व्हिडिओत नेहमी अनोळखी मिशीवाला माणूस असतो, आणि मूल मनात म्हणतं की माझा दादा तर असा नाही. शिवाय काही स्पर्श सुरुवातीला मुलाला वाईट वाटतच नाही, गुदगुल्यांचा खेळ वाटतो, लाड वाटतात. म्हणून 'वाईट वाटलं तर सांग' यापेक्षा साधा नियम सांगा: चड्डीच्या आतल्या जागेला अंघोळ, शी-शू आणि डॉक्टर सोडून कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, स्वतःचं दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि 'कुणी' म्हणजे घरातलं पण कुणी. डॉक्टरकडे आई किंवा बाबा खोलीत पाहिजेत. त्या जागांची नावं सांगा, घरात जो शब्द चालतो तो, पण लाजून हळू आवाजात नाही, नाक-कान म्हणतो तसं. ज्या मुलाकडे शब्दच नाही ते सांगणार कसं?

दुसरं, पाहुणे आले की 'जा, मामाला पापा दे', 'आजोबांच्या मांडीवर बस, नाहीतर रागावतील' हे बंद. नमस्कार पुरे. नातेवाईक दोन दिवस फुगतील, फुगू देत. मूल नको म्हणालं की घरच्यांनी ते मानलं, हा अनुभव त्याच्या गाठीशी असला तर पुढे कधीतरी ते मोठ्या माणसाला नको म्हणू शकेल, एरवी नाही.

तिसरं म्हणजे गुपितं. वाढदिवसाचं सरप्राईज चालेल कारण ते दोन दिवसांनी सगळ्यांना कळणारच असतं, पण 'आईला सांगायचं नाही' असं कुणीही म्हणालं, चॉकलेटबद्दल म्हणालं तरी, ते घरी सांगायचंच. त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा आधी अशी छोटी गुपितं देऊन बघतो, मोबाईलवर गेम खेळू देतो, आईने नको म्हटलेलं आईस्क्रीम खायला घालतो, आणि पोरगं गप्प राहतं का ते तपासतो. मग ते आईस्क्रीम खाल्लंय म्हणून मूल स्वतःलाच गुन्हेगार समजायला लागतं.

आणि झोपायची व्यवस्था. गणपतीला गावी, मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी, लग्नघरात हॉलमध्ये ओळीने गाद्या, कोण कुठे झोपलंय ते कुणाला माहीत नसतं. संशय घेऊन फिरायचं नाहीये, फक्त लहान मुलं आपल्या बाजूला घ्या. सून म्हणून सांगायला जड जातं माहितीये, 'त्याला रात्री उठवावं लागतं' म्हणा, विषय संपला.

कळतं कसं

ठरलेली यादी नाही. अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, ठराविक माणूस आला की पोट दुखणं, अंघोळीला नाही म्हणणं, अभ्यासात एकदम घसरण, शी-शूच्या जागी दुखणं, वयाला न शोभणारे खेळ किंवा शब्द, मोठ्या मुलांत हात कापून घेणं, घर सोडून जाणं. यातलं प्रत्येक दुसऱ्या कारणानेही होऊ शकतं, म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, पण विचारायला हरकत नाही. काही मुलांमध्ये काहीच दिसत नाही, ती पहिला नंबर काढत राहतात. त्रास देणाऱ्या माणसाशी मूल छान वागतं, त्याच्याच गळ्यात पडतं, हेही होतं, कारण तोच माणूस घरात त्याचे सगळ्यात जास्त लाड करत असतो.

आणि मुलं समोर बसून 'मला काही सांगायचंय' असं म्हणत नाहीत. ती सांगतात स्कूटरवर मागे बसून, वेणी घालताना, लाईट गेल्यावर अंधारात, म्हणजे जिथं तुमचं तोंड दिसत नाही तिथं. आणि अर्धंच सांगतात.

'आई, रविवारी आबांकडे जायलाच पाहिजे का?'

'का गं, आबा तर किती लाड करतात तुझे.'

'हं.'

झालं, दार बंद. त्या 'हं'नंतर पोरगी कदाचित वर्षभर बोलणार नाही. त्याऐवजी स्कूटर तशीच चालवत राहायची आणि म्हणायचं, 'नको असेल तर नाही जायचं. काय होतं तिथं?' आणि गप्प बसायचं. लांब सिग्नल लागला तरी गप्प बसायचं.

सांगितल्यावर पहिला अर्धा तास

तुमच्या पायाखालची जमीन सरकेल, विशेषतः नाव नवऱ्याचं किंवा स्वतःच्या भावाचं निघालं तर. पण मूल त्या क्षणी फक्त तुमचा चेहरा बघत असतं. तुम्ही किंचाळलात, रडायला लागलात, 'मारून टाकीन त्याला' म्हणालात की त्याला वाटतं माझ्यामुळे हे झालं, आणि बऱ्याचदा ते लगेच 'नाही नाही, मी गंमत केली' म्हणतं. नंतर बचाव पक्षाचा वकील नेमकं हेच वाक्य उचलतो.

म्हणायचं इतकंच: तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काहीच चूक नाही. आता हे थांबवायचं काम माझं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते मोडावं लागणार आहे आणि मग तुमच्यावरचाही विश्वास जाईल, त्यापेक्षा 'आपल्याला मदत करणाऱ्या एक-दोन माणसांना सांगावं लागेल, मी बरोबर असेन' म्हणा.

विचारायचं नाही ते म्हणजे 'आधी का नाही सांगितलंस', 'तू ओरडलास का नाही', 'नक्की का', 'स्वप्न नाही ना पडलं'. आणि खोदून चौकशी पण नाही. काय झालं, कोण, आत्ता कुठे दुखतंय का, एवढं समजलं की पुरे. 'त्याने असं केलं का, तसं केलं का' असे पर्याय दिले की मूल हो हो म्हणत जातं आणि पुढे कोर्टात 'आईने पढवलं' असं होतं. मावशीला, आजीला, शेजारच्या काकूंना परत परत सांगायला लावणं तर अजिबात नको.

मूल झोपल्यावर एका वहीत लिहून काढा, तारीख, वेळ, कुठे होतो, मुलाचे शब्द जसेच्या तसे. मुलाने 'शूच्या जागी' म्हटलं असेल तर तेच लिहा, तुमचे मोठे शब्द घालू नका. व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नका, मूल घाबरतं आणि तो व्हिडिओ एकदा फॉरवर्ड झाला की कुठे जाईल सांगता येत नाही.

प्रकार गेल्या तीन-चार दिवसांतला असेल तर घाई करा. मुलाला अंघोळ घालू नका, ते कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन पुरावा खराब होतो. ७२ तासांच्या आत दवाखान्यात पोचलात तर पुरावा मिळायची शक्यता बरी असते आणि एचआयव्ही टाळायची औषधंही त्या मुदतीतच सुरू करावी लागतात. मुदत गेली असेल तरी तपासणी कराच, आणि उशीर झाला म्हणून केस मेली असं समजू नका. मुलं उशिराच सांगतात, हे कोर्टालाही माहीत असतं.

बैठक बसू देऊ नका

हा भाग मुद्दाम वेगळा लिहितेय. रात्री तुम्ही बहिणीला किंवा जावेला फोन केला की सकाळपर्यंत ते सासऱ्यांपर्यंत पोचतं आणि संध्याकाळी हॉलमध्ये सगळे जमतात. पुढचं सगळं ठरलेलं असतं. थोरले म्हणतात घरातली गोष्ट घरात राहू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणीतरी म्हणतं पोरीचं उद्या लग्न व्हायचंय. कुणीतरी म्हणतं तो पिऊन होता. आत्या म्हणते माझ्या मुलाचं करिअर बरबाद करायचं का. मग त्या माणसाला बोलावलं जातं, तो रडतो, देवाची शपथ घेतो, मुलासमोर पाया पडतो किंवा मुलालाच त्याच्या पाया पडायला लावतात, दोन थोबाडीत मारतात आणि मिटलं. पुढच्या दिवाळीला तो परत फराळाला हजर, आणि त्याला वाढायला त्याच पोरीला पाठवतात. मूल यातून एकच धडा घेतं की सांगून काही उपयोग नसतो.

यात वाईट हेतू सगळ्यांचाच असतो असं नाही, काही लोक खरंच घर वाचवायला बघत असतात. पण बैठकीमुळे आरोपीला दोन दिवस मिळतात, चॅट डिलीट करायला, मुलाला धमकवायला, वकील गाठायला, आणि तुम्हाला 'प्रॉपर्टीसाठी आरोप करतेय' असं ठरवायला. म्हणून आधी एफआयआर, मग नातेवाईक. कुणाला सांगायचंच असेल तर एकच माणूस निवडा जो तुमच्याबरोबर पोलीस स्टेशनला येईल. 'विचार कर' म्हणणारा नको.

आणि ही मिटवामिटवी कायद्यातही बसत नाही. पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाला स्वतःला हे लागू नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. तुम्ही चांगल्या हेतूने कळवलंत आणि पुढे सिद्ध झालं नाही तर तुमच्यावर काही येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. बैठकीत कुणी फारच दाबायला लागलं तर हे सरळ ऐकवा, 'हे दाबलं तर आपण सगळेच आत जाऊ शकतो', बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

कुठे जायचं, तिथं काय होतं

काहीच सुचत नसेल तर १०९८, चाइल्ड हेल्पलाइन, २४ तास, फुकट, मूल स्वतःही करू शकतं. आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात होते, 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही, शून्य नंबरने नोंदवून ते पुढे पाठवायचं काम पोलिसांचं. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेतल्याशिवाय निघू नका. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतो म्हणाले तर नको म्हणा, पोक्सोत एनसी नसते. एखादा ठाणे अंमलदार 'ताई, घरचं मॅटर आहे, सकाळी या' म्हणेल, मला म्हटलंय, तेव्हा शांतपणे वरिष्ठांना भेटायचंय म्हणायचं आणि तिथेच बसून राहायचं.

मुलाचा जबाब पोलीस ठाण्यातच द्यावा लागतो असं नाही. घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. तुम्ही किंवा मुलाचा विश्वासाचा माणूस बरोबर असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. हे सगळं पोक्सोच्या कलम २४ आणि २६ मध्ये आहे, मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कलमाचा नंबर सांगितला की समोरच्याचा सूर बदलतो, अनुभवाने सांगते.

मेडिकलसाठी एफआयआर झालेली असलीच पाहिजे असं नाही, डॉक्टर कागद मागून परत पाठवू शकत नाहीत. मुलगी असेल तर महिला डॉक्टर, आई किंवा विश्वासाचं माणूस आत. उपचार सरकारी काय, खाजगी काय, सगळीकडे मोफत द्यावे लागतात. टू फिंगर टेस्ट (योनीत बोटं घालून तपासणं) करायची नाही, सुप्रीम कोर्टाने कधीच बंद सांगितलीये. आणि मेडिकलमध्ये 'काही आढळलं नाही' आलं तरी घाबरू नका, बऱ्याच प्रकारांत शरीरावर खूण राहतच नाही. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं होतं, ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलंय. अजूनही एखादा वकील तो जुना निकाल सांगून घाबरवतो, म्हणून लिहिलं.

आता घरातल्या केसचं वेगळेपण. आरोपी रक्ताचा, लग्नाच्या नात्यातला किंवा त्याच घरात राहणारा असेल तर पोक्सोत तो गुन्हा जास्त गंभीर धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यातल्या सगळ्यात गंभीर प्रकाराला किमान २० वर्षं आहेत. आणि आरोपी घरातलाच म्हणून पोलिसांना २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, आणि मूल त्या घरात ठेवायचं की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं. ही समिती जिल्ह्याला असते, बऱ्याच ठिकाणी बालगृहाच्या आवारातच भरते, आणि आयांचा इथेच जीव जातो की माझं मूल काढून घेणार. आधीच तयारीने जा. मूल कुणाकडे सुरक्षित राहील ते ठरवून, मावशी असो, आजी असो, त्यांना बरोबर नेऊन, अर्जात लिहून द्या. मुलाला बालगृहात टाकायची गरज नाही, आरोपी घराबाहेर गेला की झालं, हे ठासून सांगा, तोंडी नाही, लेखी. समितीकडे सपोर्ट पर्सन मागा, तो शेवटपर्यंत केसमध्ये मुलाबरोबर असतो, तारखा सांगतो, आणि त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे नसतात.

गोव्यात असाल तर तिथं पोक्सोच्या आधीपासून, २००३ पासून, मुलांसाठी वेगळा कायदा आणि वेगळं बाल न्यायालय आहे, वकील त्यातला माहीतगार बघा.

तो कमावणारा असेल तर

नव्वद उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही: नवरा आत गेला तर घर कसं चालणार, खोली त्याच्या नावावर, शाळेची फी तो भरतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली तुम्ही स्वतःसाठी आणि मुलासाठी अर्ज करू शकता, कोर्ट त्या माणसाला घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतं, घर कुणाच्याही नावावर असो, आणि खर्चाचाही देऊ शकतं. यासाठी तालुक्यात संरक्षण अधिकारी असतो, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील, फोन १५१००. पहिल्या काही दिवसांच्या किराणा-कपड्यांसाठी समिती तातडीची मदत सुचवू शकते, आणि विशेष न्यायालय केस संपायच्या आधी अंतरिम भरपाई देऊ शकतं, पण मागावी लागते, आपोआप येत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, १० लाखांपर्यंत. पैसे येतात, पण चकरा मारायला लागतात, आधार, बँक पासबुक, एफआयआर आणि मेडिकलच्या चार-चार झेरॉक्स एका फाईलमध्ये कायम तयार ठेवा.

तो जामिनावर सुटला आणि त्याच इमारतीत परत आला, हे होऊ शकतं. जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळायला हवी आणि तिथं तुम्ही बोलू शकता. मुलाच्या जवळ यायचं नाही, गावात यायचं नाही अशी अट मागा.

आणि फितूर होणं. साक्षीच्या वेळेपर्यंत घरचा दबाव इतका वाढतो की आईच 'असं काही झालं नाही' म्हणते. तिला शिव्या देणं सोपंय. ज्या बाईला माहेर नाही, पगार नाही, तिला एकटीला सोडलं तर ती मोडणारच. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तारखेला तिच्याबरोबर जाऊन बसा, येताना भाजी घेऊन द्या, मोठ्या सल्ल्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. मुलाला साक्षीत आरोपीचं तोंड दिसणार नाही याची व्यवस्था कोर्टाने करायची असते, पडदा किंवा व्हिडिओ लिंक. 'साक्षी' नावाच्या संस्थेच्या याचिकेवर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आधी सांगितलं, आता ते कायद्यातच आहे. केस वर्षभरात संपावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतं, मनाची तयारी ठेवा.

करणारा पण मूलच असेल तर

हे लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त होतं. मावसभाऊ चौदा-पंधराचा, इकडे मूल सहा-सात वर्षांचं. 'मुलंमुलं खेळत होती' म्हणून झटकू नका आणि त्या मुलाला उलटं टांगून मारूही नका. अठराच्या आतला म्हणून त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथं समुपदेशन आणि सुधारणेवर भर असतो, सोळाच्या वर आणि फार गंभीर गुन्हा असेल तर वेगळा विचार होऊ शकतो. पण दोघांना लगेच वेगळं ठेवा, आणि त्या मोठ्या मुलासोबत आधी कुणी काही केलंय का, की मोबाईलवर काय बघत होता, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

मुलगा पीडित असेल तर घरात 'पोरगा आहे, विसरेल' म्हणतात, किंवा बाप त्याला 'तू प्रतिकार का नाही केलास' विचारतो. कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. तोच फोन, तोच एफआयआर, तीच फाईल.

आणि तुमच्याच लहानपणी झालं असेल तर

हे वाचताना बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला असेल, कारण आकडे बघितले तर वाचणाऱ्यांतही असे खूप असणार. तक्रार आजही करता येते, वय वाढलं म्हणून हक्क संपत नाही, केंद्र सरकारने २०१८ मध्ये तसं स्पष्टही केलंय. प्रकार नोव्हेंबर २०१२ च्या आधीचा असेल तर पोक्सो लागत नाही, तेव्हाच्या आयपीसीची कलमं लागतात आणि त्यातल्या हलक्या कलमांना मुदतीची अडचण येऊ शकते, म्हणून ठाण्यात जायच्या आधी वकिलाशी बोला. तक्रार नाही करायची ठरवलीत तरी तो तुमचा निर्णय आहे, त्यासाठी कुणाला कारण देऊ नका. बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. फक्त एक बघा, तो माणूस आजही ज्या घरात येतो-जातो तिथं आत्ता लहान मुलं आहेत का. असतील तर त्यांच्या आईला एकांतात, सणाची गर्दी नसताना, फोनवर नाही तर समोर भेटून सांगा. ती कदाचित चिडेल, तुम्हालाच खोटं पाडेल, महिनाभर बोलणार नाही. तरी ती त्या दिवसापासून मुलं कुणाजवळ झोपतात ते बघायला लागते.